मनगटावरची गाठ

वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा आमच्या चिटणीसबाईंनी मला बजावले, "मागल्या श्रावणात तुम्ही मुलांना गाठींचे रंगीत दोरे करायला शिकवलेत, त्यावर लिहा. पण नुसती कृती नको. त्याचा इतिहास लिहा." मी सातवी शिकलेली बाई. इतिहास म्हटला की मला शिवाजी महाराज आणि सनावळी एवढेच आठवते. परंतु वाचनालयातली दोन-चार पुस्तके चाळली, मुलाने मोबाईलवर काही शोधून दिले, थोडे आजीचे आणि आत्याचे आठवले, आणि लक्षात आले की मनगटावरच्या दोऱ्यालासुद्धा सनावळी आहे. ती जमेल तशी भगिनींपुढे ठेवते. चूकभूल द्यावी घ्यावी.

मुले त्या दोऱ्याला 'फ्रेंडशिप बँड' म्हणतात. ऑगस्टचा पहिला रविवार आला की शाळेतल्या मुलामुलींचे हात मनगटापासून कोपरापर्यंत भरलेले असतात. आपल्याकडे हे खूळ आले त्याला फार वर्षे झालेली नाहीत. भेटकार्डे विकणाऱ्या दुकानांनी ते आणले आणि १९९८ सालच्या 'कुछ कुछ होता है' या चित्रपटाने घरोघर पोचवले. पुढे २०११ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ३० जुलै हा मैत्रीचा दिवस ठरवला. पण आपल्याकडची मुले ऑगस्टचा रविवारच धरून आहेत. माझ्या शेजारच्या मुलीच्या हातात असा विकतचा पट्टा पाहिला आणि मी सहज म्हटले, "अगं, ही तर पोवती!" ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिने तो शब्दच ऐकला नव्हता. मंडळात मुलांना दोरे करायला बसवावे ही कल्पना त्या दिवशी सुचली.

श्रावणी पुनवेला कोकणात नारळी पौर्णिमा म्हणतात. आमच्या आजीच्या तोंडी मात्र ती 'पोवत्याची पुनव' होती. पोवते हा शब्द 'पवित्र' यावरून आला. कापसाच्या सुताची नऊसुती करायची, तिला आठ, बारा किंवा चोवीस गाठी मारायच्या, ती पोवती देवाला वाहायची आणि मग घरातल्या बाया-माणसांनी मनगटाला बांधायची, अशी जुनी रीत. बहीण-भाऊ हा प्रश्नच त्यात नव्हता. आपल्या महाराष्ट्रात भावाचा सण म्हणजे भाऊबीज. पोवते सगळ्यांचे होते. लेकराचे, म्हाताऱ्याचे, देवाचेसुद्धा.

राखी ही मुळात निराळी वस्तू. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री (आपण ज्याला हेमाडपंत म्हणतो आणि ज्याच्या नावाने आपल्या भागातली जुनी दगडी देवळे ओळखतो तोच) याने तेराव्या शतकात व्रतांचा मोठा ग्रंथ केला. रक्षाबंधनाचा विधी त्यात पुराणातून दिलेला आहे. त्यात राखी म्हणजे चमचमणारे फूल नव्हे. अक्षता, पांढरी मोहरी आणि सोने घालून केलेली लहानशी पुरचुंडी. ती पुरोहिताने राजाच्या हाताला बांधायची. त्याच्याच जोडीला इंद्राची कथा येते. दैत्यांशी लढताना इंद्र हरू लागला, तेव्हा शचीने रक्षा बांधवली आणि त्याचा जय झाला. म्हणजे पुराणातली ही राखी बहिणीने भावाला नव्हे, तर बायकोने नवऱ्यासाठी केलेली आहे! हे मी मंडळात सांगितले तेव्हा सगळ्याजणी हसल्या, आणि एक म्हणाली, "मग आता ह्यांनाही एक करून ठेवते."

चितोडच्या राणी कर्णावतीने हुमायून बादशहाला राखी पाठवली, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. मलाही ती फार आवडे. परंतु ती सर्वत्र पसरली कर्नल टॉड या इंग्रजाच्या राजस्थानावरील पुस्तकाने, आणि त्या पुस्तकाचा पहिला भाग निघाला १८२९ साली. चितोड पडले ते १५३५ साली. त्या काळच्या लेखकांनी राखीचा काही उल्लेख केलेला नाही असे इतिहासकार सांगतात. गोष्ट गोड आहे म्हणून ती खरी धरायची हा आपला स्वभावच आहे. असो.

खरी घडलेली गोष्ट याहून मोठी आहे आणि ती फार लांबची नाही. १९०५ साली लॉर्ड कर्झनने बंगालची फाळणी केली. फाळणी अमलात आली तो दिवस १६ ऑक्टोबरचा. श्रावण केव्हाच सरला होता. तरी रवींद्रनाथ ठाकुरांनी लोकांना सांगितले की आज राखी बांधा. ते स्वतः गंगेवर गेले, रस्त्याने चालले आणि हिंदू-मुसलमान जो भेटेल त्याच्या हाताला दोरा बांधत गेले. त्या दिवशी बंगालात घरोघरी चूल पेटवू नये असेही ठरले होते. चूल बंद ठेवणे म्हणजे काय, हे पुरुषांपेक्षा आपल्याला जास्त कळते. पुढे १९११ साली ती फाळणी रद्द झाली. पुरोहिताने राजाला बांधायचा दोरा त्या दिवशी कुणीही कुणालाही बांधला.

आता गाठींविषयी. माझे गणित कच्चे, पण गाठींचा हिशेब पाठ आहे. अनंत चतुर्दशीचा तांबडा रेशमी दोरा चौदा गाठींचा. महालक्ष्म्यांचा दोरा सोळा पदरांचा आणि सोळा गाठींचा. पोवत्याच्या गाठी वर सांगितल्याच. लग्नात नवरानवरीच्या हाताला हळकुंड बांधलेले काकण असते, त्याच्या गाठी कुणी मोजत नाही. पण त्या एका हाताने सोडायच्या असतात आणि त्या वेळी मंडपात जो हशा पिकतो तो आपल्याला माहीतच आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू देशी इंका लोकांचे मोठे राज्य होते. त्यांच्याजवळ लिपी नव्हती तर ते माणसांची आणि धान्याची मोजणी दोऱ्यांना गाठी मारून ठेवत. तिकडे यूरोपात बल्गेरिया देशात १ मार्चला लाल आणि पांढरा दोरा पिळून मुलांच्या हाताला बांधतात, आणि करकोचा किंवा फुललेले झाड दिसले की तो सोडून झाडाला अडकवतात. २०१७ साली युनेस्कोने त्या रिवाजाची नोंद केली. आपल्या पोवत्याची अशी नोंद कुठे नाही. पण आपण तरी ती ठेवली आहे का?

रेशमी दोऱ्यांचे काम करणारे लोक म्हणजे पटवेकरी. मणी ओवायचे, पोत गाठायची, बाळाचा करदोडा, गोफ, गोंडे करायचे, ही त्यांची विद्या. पटवेकरी दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून दोन्ही हात मोकळे ठेवून गाठतो, ते पाहण्यासारखे असते. पोळ्याला बैलांचे गोंडे आणि रंगीत वेसणी आपल्याकडे अजून लागतात. त्याही हल्ली नायलॉनच्या आल्या.

हेच मला लागून राहते. आपला जिल्हा कापसाचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्यापुढे सडका झाल्या, रेल्वे आली, जिन-प्रेस झाल्या. गाठी बांधून कापूस बाहेर गेला. गाठी म्हणजे त्या दुसऱ्या गाठी! कापूस गेला तो गेला, आणि घरचे सूतही हळूहळू गेले. आज कापसाच्या ढिगाशेजारी बसून आपण मुलांना दुकानातला प्लॅस्टिकचा दोरा बांधतो.

घरचे सूत मी शेवटचे पाहिले ते माझ्या आत्याजवळ. तिच्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आत्या दारव्ह्याला राहायची. महालक्ष्म्यांच्या आठ दिवस आधी ती शकुंतलेने यवतमाळला यायची. मुर्तिजापूरहून दारव्ह्यावरून येणारी ती अरुंद रुळांची गाडी तेव्हा वाफेच्या इंजिनावर चाले. डिझेलचे इंजिन १९९४ साली आले, आणि आता तर गाडीच बंद झाली. आत्याच्या लुगड्यावर कोळशाची काजळी असायची आणि हातात एक गाठोडे. त्यात परसातल्या देवकापशीची बोंडे, पेळू आणि एक टकळी. टकळी ती शाळेत शिकली होती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि मुलांनी हाताने काम करत शिकावे असे तिथे ठरले. त्यानंतर कित्येक शाळांत मुले टकळीवर सूत काढू लागली. आत्या चौथीपर्यंत शिकली ती १९५६ च्या आधी, म्हणजे आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता तेव्हा. तिच्या शाळेत सूत मोजूनच घ्यायचे. एकशेसाठ तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. एक तार चार फुटांचा. हे तिने मला सहा-सात वर्षांची असताना पाठ करून घेतले. माझ्या शाळेतले पाढे मी विसरले, पण हे नाही.

ती ओसरीवर बसायची, पायाच्या अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत सूत घ्यायची, सोळा पदर करायची, हळदीच्या पाण्यात बुडवायची आणि दोरीवर वाळत घालायची. वाळले की गाठी मारायचे काम माझे. "मोजून मार वं पोरी," म्हणायची, "देव मोजते." एखादी गाठ जास्त झाली तर ती सुईच्या टोकाने सोडवायला लावी; कातरी लावू देत नसे. आमच्या घरचेच नव्हे, शेजारच्या चार घरांचे दोरे तिच्या हातचे असत.

ती सव्वीसाव्या वर्षी विधवा झाली होती.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांपुढे दोरे ठेवले, हळदकुंकू झाले आणि सवाष्णींनी एकेक दोरा घेतला. मी आठ वर्षांची असेन. मला वाटले, एवढे दोरे जिने केले तिलाच मिळाला नाही. म्हणून मी एक उचलला आणि मागे स्वयंपाकघरात तिच्या हाताला बांधायला निघाले. दारातच एकीने माझा हात धरला. कोण ते लिहीत नाही. ती माणसे वाईट नव्हती. त्यांनी मला लाडू दिला आणि दोरा काढून घेतला. आत्याने ते पाहिले. मी रडत तिच्याजवळ गेले तर ती भांडी घासता घासता म्हणाली, "सूत चालते माह्या हातचं, हात चालत नाई." आणि हसली. पुढल्या वर्षी ती पुन्हा आली, गाठोडे घेऊन.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. ते वर्तमानपत्रात वाचले तेव्हा आत्याला जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिची टकळी माझ्याकडे आहे.

आता मागल्या श्रावणातली हकिगत. मंडळाच्या खोलीत पंचवीस-तीस मुले जमली. मुलगे येणार नाहीत असे वाटले होते, पण ते आले आणि भांडून पुढे बसले. तीन रंगांचे, प्रत्येकी दोन, असे सहा दोरे घ्यायचे. प्रत्येक दोन हात लांब. भरतकामाची लडी त्याला चांगली. वरच्या टोकाला एकच गाठ मारून फास ठेवायचा आणि तो पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, पटवेकऱ्यासारखा. सगळ्यांत डावीकडचा दोरा शेजारच्यावर टाकला की इंग्रजी चारच्या आकड्यासारखा आकार होतो (आपला मराठी चार इथे कामाचा नाही), त्या पोकळीतून टोक काढून वर ओढायचे. तेच पुन्हा एकदा. मग पुढच्या दोऱ्यावर. असे करत पहिला दोरा उजव्या टोकाला पोचला की एक ओळ झाली. मग जो डावीकडे आला त्याने सुरुवात. एका ओळीत दहा गाठी. दोनदा ओढायचा कंटाळा करून एकदाच ओढले की पट्टी पीळ खाते आणि वाकडी होते; हे प्रत्येक मुलाने स्वतः करूनच पाहिले, माझे ऐकून कुणी नाही.

सर्वांत सफाईदार पट्टी केली ती एका दहा वर्षांच्या मुलाने. विचारले तर म्हणाला, बाबांबरोबर अंबाडीचे दोर वळतो. मुली जरा खट्टू झाल्या. पहिल्या दिवशी आमची एक फजितीही झाली. स्वस्त मिळाला म्हणून मी आणलेला तांबडा दोरा घामाने सुटला आणि दोन मुलींच्या पांढऱ्या गणवेशावर डाग पडले. त्यांच्या आयांनी ऐकवले ते योग्यच होते. तेव्हापासून दोरा आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात भिजवून, निथळून, सावलीत वाळवून मगच देते. सूती दोरा आग्रहाने घेते. नायलॉनची गाठ सुटते आणि मनगटाला काचतेही.

तिसऱ्या दिवशी पाचवीतली एक मुलगी सगळे गेल्यावरही बसून राहिली. तिची पट्टी पिवळी, हिरवी आणि तांबडी होती, पण तिच्या स्वतःच्या हातासाठी फारच लांब. मी म्हटले, "हे माप चुकलं ग." ती म्हणाली, "नाही काकू, आईचं माप आहे. आईला बांधलं तर चालते न?" तिचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. कसे गेले ते आपल्या जिल्ह्यात सांगावे लागत नाही. आई दुसऱ्यांच्या शेतात जाते. मी तिला म्हटले, "चालते." एवढा एकच शब्द बोलायला मला पस्तीस-छत्तीस वर्षे लागली.

दुसऱ्या दिवशी ती बाई मुलीला न्यायला आली तेव्हा तिच्या हाताला ती पट्टी होती. कुणी काही बोलले नाही. पण कुणी काही बोलले नाही हेही सगळ्यांच्या लक्षात आले. पुढे मंडळाच्या सभेत हा विषय निघाला. मैत्रीचा दोरा वेगळा, व्रताचा दोरा वेगळा, असे दोघीतिघींचे म्हणणे पडले, आणि त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकले नाही. मला शास्त्र कळत नाही. मी फक्त आत्याची गोष्ट सांगितली. ठराव वगैरे काही झाला नाही. मात्र भाद्रपदात त्याच बाईला आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी महालक्ष्म्यांच्या दोऱ्यांना गाठी मारायला बोलावले. एका घरी तिला दोरा दिला. दुसऱ्या घरी दिला नाही, चहा दिला.

यंदा मुलांचा वर्ग पोवत्याच्या पुनवेआधीच्या रविवारी, दुपारी दोन वाजता आहे. मुलग्यांनीही यावे. दोरा मंडळ देईल. कातरी आणि मापाची पट्टी घरून आणावी. ज्यांना सूत काढून पाहायचे असेल त्यांच्यासाठी आत्याची टकळी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे, पेळूही आहेत. किल्ली चिटणीसबाईंकडे मिळेल.